गणूभाऊंनी बदललेला आकडा

कुठेही एसीचं काम निघालं, की गणपत राठोड हत्यारांची पिशवी दाराशी ठेवत आणि माणसांमध्ये खुर्ची ओढून अर्धा तास नुसते बसत. मी वायरिंग करायचो. "काहून बसून राहिले, भाऊ?" विचारलं की म्हणत, "माणूस जिथं बसून श्वास घेते, डबी तिथंच लावा लागते. दारापाशी लावली तर ती दाराची हवा सांगते." हवा मोजणाऱ्या सेन्सरला ते डबी म्हणत.

सेनगावकडच्या तांड्यावरचे गणूभाऊ हिंगोलीत या कामात मुरले होते. स्पर्धा परीक्षेच्या एका अभ्यासिकेत आम्ही सेन्सर बसवले. हॉलची हवा कोंदली, आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला, की बाहेरच्या हवेची झडप आपोआप उघडायची. मे महिन्यात त्या झडपेतून झळा यायला लागल्या. मालक म्हणाले, "पोरं गारव्यासाठी येतात. मर्यादेचा आकडा वाढवा, झडप कमी उघडेल."

गणूभाऊ दोन दिवस अडून बसले. "हवा दिसत न्हाई म्हणून काय लेकरायला शिळी द्यायची?" तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी माझ्यादेखत आकडा वाढवला. "मी न्हाई केलं तर दुसरा येऊन डबीच काढून टाकील," एवढंच बोलले.

आठवड्याभरात, तिथे अभ्यासाला येणारी डोंगरकडा गावची वर्षा हॉलमध्येच चक्कर येऊन पडली. उजवा हात मोडला. परीक्षा चार दिवसांवर होती, आणि वयाच्या अटीमुळे तिची ती शेवटची संधी होती.

गणूभाऊंनी त्याच दिवशी आकडा पूर्ववत केला आणि मला घेऊन डोंगरकडा गाठलं. दारात उभ्यानेच म्हणाले, "बाई, आकडा मी वाढवला व्हता."

वर्षा म्हणाली, "काका, मी सकाळपासून जेवले नव्हते. तुमचा काय दोष?"

तिच्या आईने चहा दिला. गणूभाऊंनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. परतताना जीपमध्ये म्हणाले, "तिनं भांडायला पाहिजे व्हतं."

त्यानंतर त्यांनी सेन्सरचं काम कधी घेतलं नाही. गेल्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेले. भेटायला तांड्यावर गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तेवढं एकच बोलायचे. म्हणायचे, आकडा वाढवला त्या दिवशी मी एकटाच व्हतो, कुणी अडवायला न्हवतं."

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. "वाढवा भाऊ, मिटवा एकदाचं," असं मीच म्हणालो होतो. तिथे वहिनींसमोर मला तोंड उघडता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.