न्हाणीमागचं घोसाळं

आज सकाळी न्हाणीमागे अळू कापायला गेले आणि वाकलेलीच राहिले. न्हाणीचं पाणी जिथे अळवात मुरतं, तिथे जाड पानांचे चार-पाच कोंब वर आले होते. एकाचं पान चुरगळून हुंगलं. घोसाळंच!

दरवर्षी मी एक घोसाळं बियाण्यासाठी वेलावरच सुकू देते. मूळ बी आईच्या परसातलं. आई गेली, पुढे ते परसही विकलं गेलं. उरला तो हा वेल. उन्हाळ्यात नणंद राहायला आली होती. तिने ते सुकलेलं घोसाळं काढलं, साल सोलली, न्हाणीत आपटून बिया झाडल्या आणि ओली जाळी माझ्यापुढे धरली. "वहिनी, बघ, पाठ घासायला किती छान झालीय!" "छान झालीय," म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले. बिया केव्हाच पाण्याबरोबर गेल्या होत्या.

बी राखेत घोळवावं, डब्यात घालावं, झाकण घट्ट लावावं, म्हणजे ते टिकतं, अशी माझी समजूत. यंदा तो डबा रिकामाच राहिला. फडताळात दिसला की मी नजर वळवायचे. आणि इकडे साबणाच्या पाण्यातून वाहून गेलेलं बी, कुणी न जपता, आपली जागा धरून बसलं होतं. मी तिथेच ओल्या मातीत बसले आणि एकटीच हसले.

यंदा वेलावर दोन घोसाळी सुकू द्यायची. एक बियाण्याला, एक नणंदेच्या पाठीला.