ह्यांचा पेपर खोटा ठरावा म्हणून

घाबरलेल्या घरात किस्से फार साठतात. घशाला कोरड पडली की माणसं काहीबाही बोलतात, आणि सगळं निभावलं की तेच आठवून पोट धरून हसतात. माझं माहेर शिरूरचं, सासर भांडगावचं, आणि नवरा समुद्राचा शास्त्रज्ञ! नव्वदच्या दशकातली गोष्ट. क्वार्टर मिळेपर्यंत मी सासरीच होते, आणि हे दूर समुद्राकाठी, आपल्या संस्थेत.

*

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत हे आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सायटेशन समजावत होते. "दुसऱ्या शास्त्रज्ञानं त्याच्या पेपरात माझ्या पेपरचा दाखला दिला, की ते एक सायटेशन. जितकी जास्त, तितकं वजन. प्रमोशनसुद्धा त्याच्यावरच."

"म्हंजी साक्षीला बोलावत्यात तुला?"

"तसंच समजा."

आबा पानाला चुना लावायचे थांबले. "जपून रं बाबा. साक्ष देणाऱ्याशी अर्धं गाव बोलत न्हाई!"

*

ह्यांचं म्हणणं असं, की बंगालच्या उपसागरात एका ठिकाणी गरम पाणी वरवरचं नाही, खोलवर आहे; वादळ तिथं पोचलं की चवताळतं. परदेशातल्या एका प्रोफेसरांनी छापून टाकलं, हे साफ चूक आहे. ते वाचून हे पेढे घेऊन आले!

"अरं, त्यानं तुला खोटं पाडलं न्हवं?" आत्याबाई म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.

"पाडू दे की. नाव तर घेतलं! चूक म्हणून घेतलं तरी सायटेशन मोजतातच."

आत्याबाईंनी पेढा फिरवून बघितला. "शाळेत असं असतं तर तुझं आबा बी पास झालं असतं."

*

पेढे संपले आणि हे बॅग भरायला लागले. प्रोफेसरांना उत्तर द्यायचं तर वादळाच्या दिवसांत, त्याच जागी बोटीनं जाऊन, खोल पाण्याचं तापमान मोजायला हवं होतं.

आबा तरणेपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. ह्यांच्याशिवाय समुद्र बघितलेला घरात तेवढा एकच माणूस. निघताना त्यांनी ह्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

"आबा, मी गरम पाणी मोजायला चाललोय!"

"आमची मेंढरं त्या पाण्याला पाठ करून हुभी ऱ्हायची," आबा म्हणाले. "त्यास्नी सायटेशन नव्हतं, पर अक्कल हुती."

कुणी हसलं नाही. हसलो ते पुष्कळ नंतर.

*

मग रेडिओवर बातमी आली: बंगालच्या उपसागरात वादळ. आबा खूश! "इकडं चार थेंब आलं तर ज्वारीला बरं."

माझ्या हातातली भाकरी परातीतच फाटली. लग्न ठरल्यावर ह्यांनी मला फोटोऐवजी आपला पेपर दिला होता. मी बी.एस्सी. झालेली, पाठच केला होता. वादळ त्या जागी पोचलं की काय होणार, ते अख्ख्या घरात मला एकटीला माहीत होतं. आणि हेही तिथंच.

मी देवापुढं बसले. देवा, ह्यांचं चुकलेलं असू दे. प्रोफेसरांचं खरं होऊ दे. नव्या नवरीनं आणखी काय मागावं!

*

"देवाला एवढं काय सांगतीस गं?" आत्याबाईंनी विचारलं. मी सांगून टाकलं.

संध्याकाळी आबांचा रेडिओ लागेना. सेलच गायब!

"उंदरानं न्हेलं असतील," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाजरीच्या पिठाच्या डब्यात माझ्या हाताला काहीतरी गार, गोल लागलं. मी सेल पुन्हा पिठात खोल पुरले आणि भाकरी करायला बसले.

*

ह्यांच्याकडं जवळच्या यवत गावातल्या एसटीडी बूथचा नंबर होता. एका दुपारी बूथवाल्याचा निरोप आला, "बोटीवाल्या सायबाचा फोन हुता, परत करत्यात." कुठला साहेब, ह्यांचा साहेब की हे स्वतः, ते त्याला सांगता येईना. आम्ही तिघंही जीपनं यवतला गेलो.

फोन वाजला. मी रिसीव्हर उचलला, आवाज ओळखला आणि रिसीव्हर आत्याबाईंच्या हातात दिला. हे इतके ओरडत होते, की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आई! बोट मद्रासला लागली! वादळ बरोब्बर तिथंच चवताळलं, मी लिहिलं होतं तस्संच! कॅप्टननं बोट कशीबशी बाजूला काढली. आता तो प्रोफेसरसुद्धा माझाच दाखला देणार!"

आत्याबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"म्हंजी तुझं खरं झालं?"

"खरं झालं, आई!"

"मग पुढच्या बारीला चुकीचं लिव्ह. तरी मोजत्यातच की!"