जिराफ सरांची नाडी

आमचे जिराफ सर जेमतेम पाच फूट उंच होते. कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि धडा कुठलाही असो, तासाभरात एकदा तरी जिराफ वर्गात यायचाच, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं. तेवढीच माझी उंची वाढते, म्हणायचे.

सर मूळचे सटाण्याचे. रंगात आले की अहिराणी डोकावायची. “एवढी लांब मान वाकवून जिराफ पाणी पितो, मग झटकन वर उचलतो. चक्कर यायला पाहिजे ना? येत नाही.” मग जबड्याखाली दोन बोटं टेकवायचे. “आठे, म्हणजे इथे, पहारेकरी शे. रक्ताचा दाब घसरला की इथले मज्जातंतू मेंदूला कळवतात. लगेच हृदय पळायला लागतं, रक्तवाहिन्या आवळतात. जिराफात, गाईत, तुझ्यात, माझ्यात. आपल्याला पत्ताही लागत नाही.”

प्रात्यक्षिकाला ते बादलीभर गार पाणी मागवत आणि त्यात स्वतःच तोंड बुडवत. मनगट आमच्या हाती. नाडी खरोखर मंदावायची. बदक बुडी मारतं तेव्हा हेच होतं, असं ते ओल्या मिशांनी सांगत. आम्ही खूप हसायचो. पण विद्यार्थ्याला त्यांनी कधी बादलीत वाकू दिलं नाही. जो प्रयोग करायचा तो स्वतःवर.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवू लागले. सर निवृत्त होऊन इंदिरानगरला राहायला गेले होते. मागच्या वर्षी त्यांचा फोन आला, “येऊन जा. एक प्रात्यक्षिक आहे.”

गेले तर सर दिवाणावर पडून होते. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दोनदा पडलेही होते. डॉक्टरांच्या तपासण्या व्हायच्या होत्या, पण सरांना आधी स्वतः बघायचं होतं. मी मनगट धरलं. झोपून नाडी बहात्तर भरली. मग सरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, त्यांना पाठीमागून धरून उभं केलं. चेहरा बघता बघता पांढरा पडला. अशा वेळी नाडी धावायला हवी. धावली, तर अंगात पाणी कमी आहे, एवढंच म्हणता आलं असतं. नाही धावली, तर मज्जातंतूच थकलेत. त्यावर फारसा इलाज नाही.

“किती?” सरांनी विचारलं.

“शंभराच्या वर, सर.”

काकूंनी हुश्श केलं. त्यांना बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. सर म्हणाले, “मानेवर माझी बोटं होती, बाळ. चौऱ्याहत्तर.” मला रडू आवरेना. त्यांनी माझा हात थोपटला. “तिला मी सांगेन सावकाश. चहा होऊ दे आधी.”

त्यानंतर सर आठ महिने होते. शेवटचे दोन तर उठून बसणंही जमत नव्हतं. अजूनही वर्गात जिराफाचा विषय निघाला की माझी दोन बोटं आपोआप जबड्याखाली जातात.

ते गेल्यावर एकदा मी काकूंपाशी कबूल केलं, की त्या दिवशी मी आकडा खोटा सांगितला होता.

“माहीत होतं गं,” काकू म्हणाल्या. “चाळीस वर्षं शिकवणी ऐकलीय मी. पाठीमागून धरून मीच उभी होते ना? त्यांची छाती माझ्या हाताखाली होती. चहा टाकायला नव्हते गेले मी आत.”