वहिनींचे कान

वहिनी गेल्याचं गड्यानं येऊन सांगितलं, तेव्हा मी अंगणात दाढी करत होतो. तोंडातून पहिलं निघालं ते, "दादा कसाय?" त्याला आता महिना होईल...

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली, नागपूरची कचेरी भोपाळला हलली आणि तिच्यामागोमाग कारकून असलेला माझा दादाही गेला. तिगावजवळची संत्र्याची बाग एकट्या वहिनींच्या गळ्यात पडली. माकडं इतकी मातली, की फळ हाती लागेना. मग वहिनींनी खुंटीवरची ठासणीची बंदूक उतरवली. छर्रे नाहीत, नुसती दारू ठासून बार काढायचा, दिवसभर, हंगामभर. छर्रे नाहीत म्हणजे इजा नाही, असंच आम्ही सगळे समजत होतो. पण बार झाला की वहिनी डावा कान तळव्यानं दाबून धरायच्या. मी पांढुर्ण्यात मास्तर, त्यामुळे शिकवल्याशिवाय राहवत नाही. म्हटलं, "कानात कापूस तरी घाला, घरचाच तर आहे." तर म्हणाल्या, "कान बुजले तं बिबट आला हे मले कोन सांगन, भाऊजी?"

बिबट खरंच फिरत होता. नाल्याकाठची कालवड त्यानं नेली, तेव्हापासून बंदुकीत छर्रे पडू लागले. त्याच दिवसांत माझ्या हाकेला वहिनी वळेनाशा झाल्या. मला वाटलं, माझ्या उपदेशाला कंटाळल्या असतील.

एका दुपारी मी धुऱ्यावर, बागेच्या बांधावर होतो. झाडांत पानं हलली आणि वहिनींनी बंदूक खांद्याला लावली. तेवढ्यात पानांआडून दादाचा खणखणीत आवाज आला, "अवं, मी हाओ! मी!" न कळवता रजेवर आला होता. मला दुरून ऐकू आलं. वहिनी तर जवळ होत्या. नळी हलली नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. तेही त्यांना ऐकू गेलं नाही. नुसत्या दारूच्या आवाजानं त्यांचे कान खाल्ले होते, हे मला तेव्हा कळलं. बार झाला.

छर्रे वरच्या फांदीत घुसले. दादा पांढराफटक पडून बाहेर आला. वहिनींच्या हातून बंदूक गळाली. "हाक तं मारा लागत होती ना!" त्या म्हणाल्या. दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या अगदी समोर उभा राहून सावकाश म्हणाला, "चुकलं माहं. नाही मारली."

पुढं सगळा संसार झाला, पण हे वाक्य त्यानं कधी बदललं नाही. मीही गप्प राहिलो. वहिनी गेल्या त्या दिवशी मी पोचलो तेव्हा माणसं वहिनींना उचलायला आली होती. दादानं हातानंच सगळ्यांना थांबवलं. कसाबसा वाकला, त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "मारली होती वं... मी हाक मारली होती."