मेलेल्या शिपायाला लागलेला दगड
लाखेचा वास आला की माझे डोके अजून तापते. महाराजांच्या राज्यात, बडोद्यातल्या एका पोलीस कचेरीत मी अहवालांच्या स्वच्छ प्रती करून त्यांवर लाखेची मोहोर उठवणारा कारकून होतो. त्या दिवशी शिपायांनी स्वदेशीच्या सभेवर लाठ्या चालवल्या, एका शाळामास्तरांचा उजवा हात मोडला आणि वर दंग्याबद्दल त्यांनाच कोठडीत टाकले. फौजदारसाहेबांनी रिवाजाप्रमाणे मागच्या दंग्याचा अहवाल काढून तारीख तेवढी बदलली: जमावाने दगडफेक केली, अमुक शिपाई जखमी, पोलिसांनी संयम राखला. तो शिपाई तर होळीआधीच वारला होता, खांदा द्यायला मीही होतो! मी भाबडा चेहरा करून विचारले, "साहेब, नावे एकदा तपासू का?" "अरे भाई, डहापण पुरे, शहाणपणा नको! आहे तसे उतरव." मी टपोऱ्या अक्षरात उतरवले. खटल्यात न्यायाधीशांनी जखमी शिपायाला साक्षीला बोलावले. पट्टेवाल्याने तीनदा पुकारा केला, तो केव्हाच वारल्याचे उघड झाले, कोर्ट खदखदून हसले, फौजदार घामाघूम आणि मास्तर सुटले! आज ही गोष्ट मी रंगवून सांगतो, टाळ्याही घेतो. पण पोरांना अक्षर गिरवायला शिकवणाऱ्या त्या माणसाला सुटकेच्या कागदावर डावा अंगठा उठवावा लागला, आणि त्याचा हात मोडणाऱ्याचे नाव कुठल्याच अहवालात आले नाही.