मामांची दुपार आणि मायक्रोस्कोप

माझ्या बायकोच्या मामांइतका आशावादी माणूस पुण्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो दुपारी दार उघडत नसल्यामुळे आपल्याला कळायचा मार्ग नाही. मामा बुधवार पेठेतल्या एका जुन्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवतात. कॉलेजात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यायचा आणि तो मुलांनी स्वतःच्या हातांनी चालवायचा, हे त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं की नात्यातली मंडळी 'मामांचं यंत्र येईल तेव्हा' हे 'कधीच नाही' या अर्थाने म्हणू लागली होती. मामांना त्यातली खोच कळत नसे. ते आनंदाने मान डोलवत.

यंत्र आलं की त्यात काय ठेवून बघायचं, याची तयारी तर केव्हाच सुरू झाली होती. मामांच्या खिशात कायम कागदाच्या पुड्या. कुणाच्या लग्नात हारातल्या झेंडूचे पराग, कुणाच्या तेराव्याला जिलबीवरच्या मुंग्या, आमच्याकडे आले की माळ्यावरच्या झुरळाचा पाय. एकदा माझ्या मेहुण्याने त्यातली एक पुडी बडीशेप समजून तोंडात रिकामी केली. सगळे पाणी घेऊन मेहुण्याकडे धावले आणि मामा हळहळत म्हणाले, "अहो, येरवड्याच्या मुंग्या होत्या त्या." जणू येरवड्यात आता मुंग्या उरल्या नव्हत्या.

शिवाय ती वाटी. हे यंत्र म्हणजे भलतं नाजूक प्रकरण, जमीन जराशी हादरली तरी चित्र बिघडतं, असं कळल्यापासून मामा जातील तिथे पाण्याने भरलेली वाटी जमिनीवर ठेवून तिच्याकडे टक लावून बसत. आमच्या वारज्याच्या फ्लॅटची वास्तुशांत होती, गुरुजी खोळंबले होते, आणि मामांची वाटी हॉलच्या मधोमध. हायवेवरून ट्रक गेला, पाणी थरथरलं. मामा उठत म्हणाले, "नाही चालणार." बायको म्हणाली, "आम्हाला चालतंय, मामा."

याखेरीज मामा एकच धर्म पाळत, तो म्हणजे दुपारची झोप. एक ते चार बेलची वायर काढलेली. आमच्या लग्नात अक्षता पडताच ते कार्यालयाच्या गाद्यांवर अंतर्धान पावले, त्यामुळे अल्बममधल्या एकाही फोटोत ते नाहीत. कॉलेजातही त्यांना दुपारचा तास द्यायची कुणाची टाप नव्हती.

आणि गेल्या वर्षी एका संशोधन संस्थेने नवं यंत्र घेतलं, आणि आपलं जुनं, पण धडधाकट यंत्र मामांच्या कॉलेजला द्यायची तयारी दाखवली. अट एकच. इंजिनिअर येऊन खोलीतले हादरे मोजणार, आणि खोली नापास झाली तर यंत्र दुसऱ्या गावी जाणार. कॉलेजने दिलेली खोली मागच्या गल्लीला लागून होती. त्या गल्लीत ओळीने स्पीकरची दुकानं, आणि छाती दडपेपर्यंत वाजवून दाखवल्याशिवाय तिथे स्पीकर विकला जात नाही. सकाळी अकराला मोजणी झाली आणि खोली सपशेल नापास झाली. मी मामांना स्कूटरवरून सोडायला गेलो होतो, तो तिथेच अडकलो. त्यांचा चेहरा मला बघवेना. बंगळूरहून आलेला तो तरुण इंजिनिअर वायरी गुंडाळू लागला, तेव्हा मामा म्हणाले, "खाना खाके जाइए." इतक्या वर्षांच्या नात्यात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो, आणि तेही हिंदीत.

खानावळीत त्यांनी त्याला आग्रह करकरून श्रीखंड वाढायला लावलं. आम्ही परतलो तोवर एक वाजून गेला होता. गल्लीत एकेक शटर खाली येत होतं. शेवटचा स्पीकर गप्प झाला, तसे मामा म्हणाले, आता मोजा. मोजणीच्या पडद्यावरची रेघ सरळ आडवी पडून राहिली. इंजिनिअरने पुन्हा मोजलं, मग खिडकीतून त्या निजलेल्या गल्लीकडे बघत विचारलं, "ये रोज होता है?"

"रोज," मामा म्हणाले. "हमारे आजोबा के टाइम से."

यंत्र मंजूर झालं. वापरायची वेळ मात्र दुपारी एक ते चार. एखाद्या तरुण मास्तराला बसवा तिथे, असं मामींनी सुचवून पाहिलं. मामांनी ऐकलं नाही. मुलांना नुसतं लांबून दाखवा, असं कॉलेजातून सुचवण्यात आलं, त्यावर तर ते चक्क चिडले. स्वतः शिकत असताना त्यांनी असं यंत्र एकदाच पाहिलं होतं, बंद दाराच्या काचेतून.

परवा मी मुद्दाम बघायला गेलो. येत्या उन्हाळ्यात मामा निवृत्त होणार, त्याआधी एकदा पाहून घ्यावं म्हटलं. अंधाऱ्या खोलीत यवतमाळकडची एक मुलगी यंत्रापाशी बसली होती. हॉस्टेलवर मारलेला डास तिने स्वतःच सुकवून, वर धातूचा पातळ मुलामा देऊन आत ठेवला होता, आणि पडद्यावर त्याचा डोळा सीताफळासारखा गच्च भरलेला दिसत होता. मामांचे डोळे झोपेने लाल झाले होते, पण ते उभेच होते. न राहवून मामांनी बटणाकडे हात नेला आणि म्हणाले, "आता जरा डावीकडे घे, म्हणजे..."

"थांबा न सर," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "मला पाहू द्या न आधी."

मामांनी हात मागे घेतला. मग ते तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, तिचं पाहून होईपर्यंत.