बाष्पीभवनाचा रकाना

माझी नोकरी पाणी मोजण्याची. रोज सकाळी धरणाची पातळी वाचायची, कालव्यात किती सोडलं, गावांना किती दिलं ते मांडायचं आणि कालच्या साठ्यातून वजा करायचं. आकडा कधीच पूर्ण जुळत नाही. थोडं पाणी कुठेतरी जातंच. ते आम्ही बाष्पीभवनाच्या रकान्यात टाकतो. जळगावचं ऊन असं, की त्या रकान्यावर कुणी शंका घेत नाही. सत्तावीस वर्षांची ही सवय मी घरी आणली.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी मला सहा किलो वजन उतरवायला सांगितलं. साखर काठावर होती. मुलीने माझ्या फोनमध्ये उष्मांक मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं. खाल्लेलं एकीकडे, व्यायाम दुसरीकडे. व्यायाम मी करत नव्हतो, पण त्या यादीत झाडणं, पाणी भरणं, बागकाम हेही होतं. मला ते पटलं. घाम तो घामच. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरापुढे थोडं अंगण आहे. एक कडुनिंब, एक शेवगा, एक लिंबू. रविवारी मी झाडांना आळी करू लागलो, नळाला पाणी येईल त्या दिवशी बादल्यांनी ड्रम भरू लागलो. मिनिटं घड्याळात बघून वहीतही उतरवायचो. सात मिनिटांची कधी दहा केली नाहीत.

बायको हे बघत होती. एकदा म्हणाली, "तुम्ही आठवड्यातून एकदा खराटा धरता तर वहीत येतं. मी रोज धरते, ते कुठे लिहिलंय?"

ती पारोळ्याकडची. चिडवायचं असलं की माहेरची बोली काढते. "मनं बठ्ठं लिखा. भांडाबी लिखा!"

म्हणून मी तिचं सगळं काम मांडायला वेगळं पान केलं. अंगण झाडणं पंचवीस मिनिटं, धुणं चाळीस, भांडी दोन वेळची, लादी एक दिवसाआड. दर रविवारी चहाच्या आधी आम्ही दोघं वजनकाट्यावर उभे राहायचो. पहिल्या रविवारी मी त्र्याऐंशी, ती एकसष्ट.

संक्रांतीला मी ब्याऐंशी होतो, ती अठ्ठावन्न. "बघा, कामाला लागते त्याचंच वजन उतरतं," ती म्हणाली. मला थोडा हेवाच वाटला. ब्लाउज सैल झाले म्हणून तिने शिलाई आत घेतली. दुसरी भाकरी ती पुढे सारायची, भूक नाही म्हणायची. मी तिच्या पानावर 'भाकरी अर्धी कमी' असं लिहायचो, तेही जमेच्या बाजूला. दुपारी ती आडवी होऊ लागली. झोपेसाठी अ‍ॅपमध्ये वेगळा आकडा होता, तो मी लावला.

होळीनंतर ती चोपन्नवर आली तेव्हा मात्र मी कागद घेऊन बसलो. मला काळजी वाटली होती, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो. एका किलोला साधारण सात हजार सातशे उष्मांक. सात किलोंचे त्रेपन्न हजार नऊशे. दिवस दीडशेच्या आसपास. म्हणजे रोजचे तीनशे साठ. घरकामाचे दोनशे चाळीस, कमी भाकरीचे सत्तर. पन्नास उरले. ते कुठून आले हे सापडेना. मग मी 'अंगणकाम, इतर' असा रकाना केला आणि पन्नास त्यात टाकले. हिशेब जुळला. मी कागद घडी करून वहीत ठेवला आणि काळजी मिटली.

चैत्रात शेजारच्या अक्कांकडे बिबडे होते. आमच्या गल्लीत बायका एकमेकींकडे जाऊन हे ज्वारीचे पापड करतात. पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं, लाकडी दांडक्याने घाटायचं आणि गच्चीवर कापडावर थापायचं. घाटायला दरवर्षी माझी बायकोच लागते. मी पाट पोचवायला गेलो होतो, आणि घाटणं किती मिनिटं चालतं ते बघावं असंही मनात होतं. घड्याळ पाहिलं. दोन मिनिटंही झाली नसतील, तिने दांडकं सोडलं आणि चुलीजवळच खाली बसली. तोंड पांढरं पडलं होतं.

अक्कांनी तिचा दंड धरला. त्यांची बोटं दंडाभोवती पुरून उरली. "माय वं! कितली वाळी गयी तू!"

मी म्हणालो, "अक्का, ते कामाने उतरलंय. मी सगळं मांडून ठेवलंय."

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "काम काय ती आज करी ऱ्हायनी का, भाऊ? लगीन व्हयनं तैपासून करस ना?"

काम पूर्वी होतं तेवढंच होतं. धरणात आवक घटली नसती, वापर वाढला नसता आणि पातळी अशी उतरली असती, तर मी दुसऱ्याच आठवड्यात गळती शोधायला माणसं भिंतीवर पाठवली असती.

त्याच आठवड्यात धुळ्याच्या दवाखान्यात गेलो. तपासण्यांत पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? बहुतेक लोक अंदाजाने सांगत असतील. मी पिशवीतून वही काढली. त्यांनी पानं उलटली, प्रत्येक रविवार, प्रत्येक आकडा. "इतकी नीट नोंद कुणी आणत नाही," ते म्हणाले. मग संक्रांतीच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

वैशाखात शस्त्रक्रिया झाली. सगळी गाठ काढता आली नाही. औषधं चालू आहेत.

आता अंगण मी झाडतो, धुणं-भांडी मी करतो. अ‍ॅप काढून टाकलं. माझं वजन किती आहे ते मला माहीत नाही. काटा मात्र आहे, कारण डॉक्टरांना तिचं वजन दर आठवड्याला हवं असतं. अर्धा किलो उतरलं तरी कळवा, असं त्यांनी सांगितलंय.

गेल्या रविवारी मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तर ती अंगणात, खराट्याला टेकून उभी. पायरीपुढची चार हात जागा झाडलेली, कडुनिंबाचा पाला एका बाजूला सारलेला. मी खराटा घेतला आणि तिला धरून काट्यावर उभं केलं. सेहेचाळीस आणि वर चारशे ग्रॅम. मागच्या रविवारी सत्तेचाळीस होतं.

"कितलं?" तिने विचारलं.

मी आकडा सांगितला.

ती म्हणाली, "आज झाडलं ना मी. त्यानेच असेल. लिहा तसं."

ती हसत होती, पण डोळे माझ्या हातातल्या पेनावर होते. मी आकडा लिहिला. त्याच्यापुढची जागा कोरी सोडली आणि तिच्यासमोरच धुळ्याला फोन लावला.